देवाची गोळी

रिठदच्या चतुराबाई दोन गोष्टींसाठी नावाजलेल्या होत्या. एक म्हणजे त्यांच्या हातची आंबील. दुसरी म्हणजे, कुठल्याही कार्यात त्या कधी बाजूला बसल्या नाहीत. लग्न असो, वास्तू असो, पोथीची समाप्ती असो की घरच्या महालक्ष्म्या असोत, चतुराबाई पहाटे न्हाऊन, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून चुलीपुढे हजर. बाकीच्या बायकांचं ऐन वेळी काहीतरी निघायचं. कुणाची पाळी चार दिवस आधी यायची, कुणाची नेमकी पुरण शिजताना. चतुराबाईंचं तसं कधी झालं नाही. गावाने याला पुण्याई म्हटलं. "हे पोर पायगुनाची हाय," असं सासूने भर पंगतीत सांगितलं होतं, आणि सासू सहसा कुणाबद्दल चांगलं सांगत नसत.

ही पुण्याई रवीच्या मेडिकलमध्ये मिळत असे.

बस थांब्याजवळ रवीचं औषधांचं दुकान आहे. तिथे जाऊन "देवाची गोळी दे" म्हटलं की रवी काही न विचारता एक पट्टी कागदात गुंडाळून देतो. पाळी पुढे ढकलायची ही गोळी. पट्टीवर तिचं खरं नाव छापलेलं असतं, पण ते रिठदमध्ये कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. डॉक्टरची चिठ्ठी रवी मागत नाही. चिठ्ठी आणायची म्हणजे डॉक्टरला कारण सांगावं लागणार, आणि कारण तर सगळ्या गावाला आधीच माहीत असतं. सण जवळ आला हे कळायला रवीला पंचांग लागत नाही. गोळीचं गिऱ्हाईक वाढलं की त्याला तिथी समजते.

चतुराबाईंची या गोळीशी ओळख लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना झाली. भादव्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा घरी येतात, तीन दिवस राहतात, मधल्या दिवशी जेवतात, आणि त्या जेवणाला सारी भावकी लोटते. नव्या सुनेची तारीख नेमकी मधल्या दिवसावर आली होती. सासू कपाळाला हात लावून बसल्या. तेव्हा कारंजा लाडहून आलेल्या नणंदेने पिशवीतून एक पट्टी काढली. नणंद एका नर्सबाईच्या शेजारी राहत असल्यामुळे स्वतःही अर्धी नर्स झालेली होती. "घे, काई होत नाई," ती म्हणाली. आणि खरोखरच काही झालं नाही. पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला. पहिल्या खेपेला काही झालं असतं तर दुसरी खेप आली नसती.

पुढे सासू गेल्या आणि चूल चतुराबाईंकडे आली. मग भावकीची कार्यं आली, मग गावाची. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा, म्हणजे तळलेल्या करंज्या, वेण्या, फण्या यांची आरास, चतुराबाईंशिवाय कुणाला धड जमेना, किंवा त्या असताना जमवायची कुणाला गरज वाटेना. लोक तारीख ठरवून यायचे. तुमची तारीख काय, असं त्यांना कुणी विचारत नसे, आणि ते योग्यही दिसलं नसतं. निरोप आला की चतुराबाई बोटांवर मोजायच्या आणि रवीकडे जाऊन यायच्या.

घरात औषधांचा डबा वेगळा होता. त्यात नवऱ्याच्या, इंद्रभानच्या, गुडघ्याचं मलम, तापाच्या गोळ्या आणि एक जुनी पिचकारी असे. देवाची गोळी त्यात नसे. ती देवघरातल्या पत्र्याच्या डब्यात, कापूर, वाती आणि अष्टगंधाबरोबर असे. तिची जागा तीच होती.

मागच्या दिवाळीनंतर मोजणं चुकायला लागलं. पाळी यायची ती जायचं नाव घेत नसे. दोन-तीन आठवडे चाले, थोडं थांबे, पुन्हा सुरू. चतुराबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त फिक्या रंगाची लुगडी नेसणं बंद केलं. भाऊबीजेला भावाने घेतलेलं मोतिया रंगाचं, बारीक हिरव्या काठाचं पातळ घडी न मोडता पेटीत गेलं, आणि अंगावर चॉकलेटी, जांभळं, काळं एवढेच रंग उरले. एखादं कार्य मधे आलं तर त्या देवाची गोळी घ्यायच्या आणि तेवढ्यापुरतं सारं थांबायचं. त्यामुळे गोळीवरचा विश्वास उलट वाढलाच. या सगळ्या पसाऱ्यात वेळेवर वागणारी तेवढी एकच वस्तू होती.

दवाखान्यात जायचं त्या टाळत होत्या आणि त्याला कारण होतं. त्यांची थोरली बहीण शिरपूर जैनला दिलेली होती. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी काळी लुगडी आली, मग अकोल्याचा दवाखाना, मग भिंतीवरच्या फोटोला हार. पिशवीचा कॅन्सर होता, एवढंच माहेरी कळलं. चतुराबाईंना हा क्रम पाठ होता. आपण पहिल्या पायरीवर आहोत हे त्यांना दिसत होतं, आणि दवाखान्यात जाणं म्हणजे आपल्या पायांनी दुसऱ्या पायरीवर चढणं. म्हणून त्या गेल्या नाहीत.

आषाढात एके सकाळी कणीक मळता मळता त्या परातीवरच वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. सून निकिता पाणी घेऊन आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, बी.ए. झालेली पोरगी. तिने सासूची नखं पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. दोन्ही कणकेच्या रंगाची होती. पुढे तिने न्हाणीघरातली बादली पाहिली आणि नवऱ्याला, हरीओमला, हाक मारली.

हरीओमने आईला जवळच्या गावातल्या, पाटी मोठी असलेल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोनवर बोलत बोलतच पोटावरून यंत्र फिरवलं. आतलं अस्तर जाड झालंय, म्हणाले, वयही झालंय, पिशवी काढून टाकू, सोमवारी या. चतुराबाईंच्या कानात फक्त पिशवी हा शब्द शिरला. सोबत आलेल्या इंद्रभानने महालक्ष्म्या उरकल्यावर काढली तर चालेल का, असं विचारलं, आणि डॉक्टरांनी मग त्यानंतरचा सोमवार धरू म्हणून सांगितलं. दोघांच्याही दृष्टीने प्रश्न तारखेचाच होता.

घरी आल्यावर निकिताने तोंड उघडलं. तिच्या मावसबहिणीचीही पिशवी अशीच एका सोमवारी निघायची होती. ती वाशीमच्या सरकारी दवाखान्यात वानखडे मॅडमना दाखवायला गेली आणि पिशवी घेऊनच परत आली. आता तिला संस्कृती नावाची मुलगी आहे आणि ती फार रडते. "काढाची असन तं मॅडमई काढतीन," निकिता म्हणाली. "पन आदी पाह्यतीन." चतुराबाई लगेच कबूल झाल्या. मॅडमवर भरवसा होता असं नव्हे. सोमवार टळत होता.

मोटारसायकलवर बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून चतुराबाई, इंद्रभान आणि निकिता एसटीने वाशीमला गेले. डॉ. सुकेशनी वानखडे या ठेंगण्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाई. चष्मा डोक्यावर सरकवून तो टेबलावर शोधायची त्यांना सवय होती. दुसरी सवय जास्त चमत्कारिक होती. पेशंटचं बोलून संपेपर्यंत त्या पेन उचलत नसत. डॉक्टरपुढे आपलं बोलणं संपू द्यायची सवय बायकांना नसते, त्यामुळे पुष्कळजणी मध्येच थांबून आपल्याला तोडलं जाण्याची वाट पाहत. मॅडमही वाट पाहत. मग बाई नाइलाजाने पुढचं सांगून टाकी. बऱ्याचदा आजार त्या पुढच्यात असे.

इंद्रभानला बाहेर बसायला सांगितलं तेव्हा तो इतक्या तत्परतेने गेला की दार लावायचं राहिलं. चतुराबाईंनी मग सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं, लुगड्यांचं, बहिणीचं. बहिणीपाशी त्या थांबल्या. मॅडम बसून राहिल्या. शेवटी चतुराबाई म्हणाल्या, "माहंई तेच असन. फक्त येवढं सांगा, महालक्ष्म्या पाह्यतो का नाई."

मॅडम उठल्या. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त घेतलं आणि प्रश्न विचारले. बीपीची गोळी चालू आहे का. नाही. शुगरची, थायरॉइडची. नाही. कुणी दिलेला काढा, झाडपाला, पुडी. नाही. पाळीसाठी काही गोळ्या घेतल्या होत्या का कधी, थांबायला किंवा यायला. नाही बापा, चतुराबाई म्हणाल्या, औषधाचं मला वावडंच आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे औषधांचा डबा होता, आणि त्यात खरोखरच त्यांचं काही नव्हतं.

रक्त फार कमी झालं होतं आणि अस्तर खरंच जाड होतं. आतला नमुना तपासल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही, असं मॅडमनी समजावलं. बारीक नळीने आतला थोडासा तुकडा काढायचा, त्याच बैठकीत पिशवीच्या तोंडाचीही तपासणी करायची, आणि दोन्ही पुढे पाठवायचं. दुखेल, पण थोडंच. दुखलं ते थोडंच म्हणता येण्यासारखं होतं. तेवढा वेळ चतुराबाईंनी छताकडे पाहत आंबिलीचं प्रमाण मनात म्हटलं.

कपडे सारखे करून त्या निघाल्या. निकिताने हात धरला होता. दारात पोचल्यावर त्यांना आठवलं आणि त्या वळल्या.

"मॅडम, येक इचारू का? गुरुवारी जावेच्या घरी पोथीची समाप्ती हाय. सैपाक माह्याकडंच हाय. तं हे आज तुमी जे केलं, त्याच्यानं देवाची गोळी चालू ठेवाची का बंद कराची?"

मॅडमनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. या वेळी तो शोधावा लागला नाही.

"कोणती गोळी?"

"देवाची."

"मी विचारलं तेव्हा गोळ्या घेत नाही म्हणालात तुम्ही."

"औषदाच्या नाईच घेत," चतुराबाई म्हणाल्या. "हे तं पूजेचं सामान हाय."

त्यांनी कमरेचा बटवा सोडला. कुंकवाची पुडी निघाली, कापराच्या वड्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबर निम्मी रिकामी झालेली पट्टी. मॅडमनी ती उलटी करून पाहिली आणि रिठदमध्ये कुणी न उच्चारलेलं नाव उच्चारलं. निकिताने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्याही माहेरी ती देवघरातच असायची.

"बसा मावशी," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे पहिल्या महालक्ष्म्यांपासून निघालं. मग नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न, भावकीतली लग्नं, चैत्रातली कुलदेवता, अधिकमासातले जावई, श्रावणातल्या पोथ्या. गेल्या वर्षात तर एका कार्याची गोळी संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होत होती. मधे कधी सोडली का, असं मॅडमनी विचारलं. चतुराबाईंनी प्रामाणिकपणे आठवलं.

"पौषात. पौषात कार्य नसते."

पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे शरीराला वर्षातून तेवढी एक हक्काची सुटी होती. मॅडमनी पट्टी टेबलावर ठेवली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि त्यांची दवाखान्यातली भाषा जाऊन घरची आली.

"पिशवीले आतून दर महिन्याले अस्तर चढते, मावशी. चढलं का उतरते, तेच पाळी. तुमची गोळी तिले म्हनते, थांब. गोळी सोडली का म्हनते, चाल. वर्षभर तुमी तिले थांब अन् चाल करून राह्यल्या. आता तिले समजूनच नाई राह्यलं का थांबू का चालू."

"मंग कॅन्सर नाई?"

इथे नाही म्हणणं सोपं होतं आणि दुसऱ्या कुणी म्हटलंही असतं. मॅडम म्हणाल्या, "बहुतेक गोळीचंच आहे. पण बहुतेक म्हणजे खात्री नाही. तुमचं वय आहे, बहिणीचं झालेलं आहे. रिपोर्ट येऊ द्या."

चतुराबाईंना हे उत्तर आवडलं. आजवर काही होत नाही असं छातीठोक सांगणारी त्यांना एकच बाई भेटली होती, आणि तिनेच पहिली पट्टी दिली होती.

गोळी आजपासून बंद करायची होती. दोन-तीन दिवसांत रक्त जाईल, घाबरायचं नाही, फार गेलं तर बसून राहायचं नाही, सरळ इकडे यायचं. रक्तवाढीची इंजेक्शनं सुरू झाली. गुरुवारचा स्वयंपाक कोण करणार, असं चतुराबाईंनी दोनदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "देवाचं तुम्ही पाहा, पिशवीचं मी पाहते." यापलीकडे त्यांनी ना समजावलं, ना त्या रागावल्या.

परतीच्या एसटीत निकिताला मागे जागा मिळाली. चतुराबाईंनी इंद्रभानला सांगितलं ते खिडकीकडे तोंड करून, कारण या विषयावर तोंडाकडे पाहून बोलायचा प्रघात त्या घरात नव्हता. इंद्रभानला आधी उमगलंच नाही. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली होती आणि दरवर्षी महालक्ष्म्यांच्या पंगतीत, हात जोडून, तो पाहुण्यांना एकच गोष्ट ऐकवत आला होता: आमच्या घरच्या लक्ष्म्या आपली सोय आपणच करून घेतात, एकदाही अडचण आली नाही.

"म्हंजे तू गोळ्या खात होती?" तो म्हणाला. "दर वर्षी?"

"मंग तुमाले काय वाटलं, पंचांगवाला मले इचारून तिथी काढते?"

रिठद आलं. उतरताना इंद्रभानने बायकोची पिशवी आपल्या हातात घेतली. हे त्या गावात नवरे सहसा करत नाहीत, आणि बस थांब्यावरच्या दोघा-तिघांनी ते पाहून ठेवलं.

गुरुवारी जावेने स्वयंपाक स्वतःच केला, वरण थोडं लागलं आणि समाप्ती झाली. पोथी होती तिथेच राहिली.

रिपोर्टला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात चतुराबाईंनी एकाएकी निकिताला आंबील शिकवायला घेतली. ज्वारीचं पीठ ताकात कधी भिजवायचं, किती आंबू द्यायचं, आधणात सोडताना हात कसा फिरता ठेवायचा, आलं किती, खोबरं केव्हा. मग फुलोरा, मग पुरणाची चव. महालक्ष्म्यांना महिना बाकी होता. निकिताने दोन दिवस मुकाट्याने ढवळलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "येवढी काय घाई हाय, आई?"

"घाई कायची? ज्वारी दळून आनली होती म्हनून."

दोघींनाही माहीत होतं की ज्वारीचा यात संबंध नाही. निकिताने पातेल्यातला हात थांबवला नाही, कारण थांबवला की गुठळ्या होतात असं नुकतंच शिकवून झालं होतं.

रिपोर्टच्या दिवशी इंद्रभान बाहेर बसायला गेला नाही. कुणी सांगायच्या आत दाराला पाठ लावून तो उभा राहिला. मॅडमनी कागद आधी पूर्ण वाचला, शेवटच्या सहीपर्यंत.

"कॅन्सर नाही."

चतुराबाई म्हणाल्या, "अजून येकदा म्हना."

"कॅन्सर नाही," मॅडम त्याच आवाजात म्हणाल्या. "आतल्या नमुन्यात गोळीचा परिणाम दिसतो, दुसरं काही नाही. तोंडाची तपासणीही चांगली आहे."

चतुराबाईंनी पाणी मागितलं. सबंध तांब्या प्यायल्या. मग पदराने तोंड पुसून विचारलं, "तं सोमवारचं?"

"सोमवारी काही नाही. कोणत्याच सोमवारी काही नाही. पिशवी तुमची आहे, राहू द्या तिथंच."

दाराशी उभ्या असलेल्या इंद्रभानने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून पुन्हा घातली.

बहिणीचं विचारल्याशिवाय चतुराबाईंना उठवेना. ती वेळेवर आली असती तर वाचली असती का. मॅडम म्हणाल्या की तिचे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण लवकर आलेल्या पुष्कळ बायका वाचतात. चतुराबाईंनी मान हलवली. हेही त्यांना खरं वाटलं, आणि खऱ्यासारखं ते थोडं लागलंही.

एक अट मात्र राहिली होती. पुढचे तीन महिने गोळी अजिबात नाही. पाळी आपली आपण आली पाहिजे आणि चार-पाच दिवसांत आपली आपण गेली पाहिजे. तशी गेली तर फक्त रक्त वाढवायचं. नाही गेली तर पुन्हा यायचं. तेव्हाही दुसरे उपाय आहेत, पिशवी काढणं हा अगदी शेवटचा. तीन महिन्यांत महालक्ष्म्या येणार हे उघड होतं.

घरी आल्यावर इंद्रभाननेच विषय काढला, चपला काढता काढता, जमिनीकडे पाहत. यंदा काय करायचं.

चतुराबाई म्हणाल्या, "कायले भेता? त्या दोघीई बायाच हायेत. पुढं लेकरं मांडून बसते. त्याइले नाई समजन तं कोनाले समजन?"

पुजारीबुवांना विचारावं असं इंद्रभानच्या मनात आलं, पण विचारायचं तर तो शब्द तोंडाने काढावा लागला असता. त्यापेक्षा बायकोचं म्हणणं मान्य करणं सोपं गेलं.

भादवा लागला. चतुराबाई हळद आणायला बस थांब्याकडे गेल्या तेव्हा रवीने दुकानातूनच विचारलं, "काकू, यंदा पट्टी नाई नेली?" यंदा देवानेच नको म्हटलंय, असं चतुराबाईंनी सांगितलं. हे त्यांनी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की रवीला तो निरोप खरा वाटला, आणि दुपारपर्यंत त्याने तो आणखी दोघी-तिघींना दिला.

महालक्ष्म्या आल्या त्याच सकाळी पाळीही आली. अगदी दारातून मुखवटे आत घेताना. चतुराबाईंच्या पोटात दुखलं आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण येणं तर झालं होतं, जाणं बाकी होतं. त्यांनी हातातलं ताट निकिताकडे दिलं, मागच्या दारी प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि तिथून कारभार बघायला लागल्या.

जेवणाच्या दिवशी स्वयंपाकघरातून वाफ येत होती आणि मागच्या दारातून आवाज. निकिता पुरण वाटत होती. हरीओम भाज्या चिरत होता. सोळा भाज्यांपैकी सहांची नावं त्याला तिथे पहिल्यांदा कळली. आंबिलीपाशी सोवळं नेसून स्वतः इंद्रभान बसला होता आणि असा ढवळत होता, जणू थांबला तर धरण फुटून पाटबंधारे खात्यावर जबाबदारी येईल. चतुराबाई खुर्चीवरून सांगत होत्या. उजवीकडून फिरवा. खाली लागून राह्यलं. वास येऊन राह्यला, जाळ कमी करा. शेवटी इंद्रभान म्हणाला, "तू काई तिकडं बसली नाई. तू इथंच बसली हाय."

आंबिलीत गुठळ्या झाल्या. पंगत बसली, नैवेद्य झाला, वाढणं झालं. भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकांनी दोनदा मागून घेतली आणि चतुराबाईंच्या हाताची चव काही बदलली नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. इंद्रभानने हात जोडले. दरवर्षीची ती गोष्ट त्याने यंदा सांगितली नाही.

चतुराबाई बाजूला बसल्यात ही बातमी तोवर बायकांत फिरली होती. त्यामुळे काही विटाळेल, असं वाटणाऱ्या दोघी घाईने जेवून गेल्या. बाकीच्या एकेक करून मागच्या दारी आल्या. कुणी पान द्यायला, कुणी हात धुवायला. प्रत्येक बाई थोडं इकडचं तिकडचं बोले आणि मग वाशीमच्या त्या मॅडम कोणत्या दिवशी बसतात ते विचारी; स्वतःसाठी नव्हे, नणंदेसाठी. रिठदच्या बायकांना इतक्या आजारी नणंदा असतील असं चतुराबाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना दिवस सांगितले आणि प्रत्येकीला एक जास्तीची गोष्ट सांगितली: देवघरातला डबा संगं घेऊन जाय.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या. पाळी होती. चतुराबाई रोज सकाळी उठून आधी तेवढंच बघायच्या, आणि निकिता काही न विचारता त्यांच्या तोंडाकडे बघायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कमी वाटलं. त्याच्या पुढच्या सकाळी काही नव्हतं. चतुराबाईंनी विश्वास ठेवला नाही. वर्षभर त्यांना अशी फसवणूक पुष्कळदा भेटली होती. त्या आणखी एक दिवस थांबल्या, मग आणखी एक. काही आलं नाही. कुणी थांब म्हटलं नव्हतं, कुणी चाल म्हटलं नव्हतं. आली आणि आपली आपण गेली.

त्या दिवशी त्यांनी केसांवरून न्हाऊन घेतलं, पेटी उघडली आणि अगदी तळाशी गेलेलं भाऊबीजेचं पातळ काढलं. घडीच्या रेघा पक्क्या बसल्या होत्या. मोतिया रंग, बारीक हिरवे काठ. नेसून त्या अंगणात आल्या तेव्हा इंद्रभान फवारणीचा पंप धूत बसला होता. त्याने मान वर केली.

"कुठी जानं हाय?"

"कुठीच नाई," चतुराबाई म्हणाल्या, आणि सूप पुढ्यात ओढून तिथेच, खाली काही न अंथरता, मूग निवडायला बसल्या.